बिब्बा

(दृश्य: दुकानाच्या दारावरची लिंबू-मिरची, जवळून.)

लिंबू ओळखलंत. मिरच्याही. पण त्याच दोऱ्यात ओवलेलं हे काळं, चपटं काय आहे, असं विचारलं की शहरातली बरीच मंडळी अडखळतात. हा बिब्बा. चांगल्या चाललेल्या कामात कुणीतरी घालतं ना, तोच.

(दृश्य: पानझडीचं जंगल.)

याचं झाड म्हणजे बिबवा, कुठे भिलावा. साग, ऐन यांच्या संगतीत वाढणारं. पानं वितीहून लांब. आंबा आणि काजू त्याचे भाऊबंद. काजूला पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, बिबवा मात्र इथलाच. फळाची ठेवण थेट काजूची: देठाकडे केशरी बोंड, टोकाला काळी बी. बोंड वाळवून खातात आणि बाजारात त्याला बिब्ब्याचं फूल म्हणतात. फूल नसलं तरी!

(दृश्य: सुईला टोचलेला बिब्बा, खाली पणती.)

बघा, तेल कसं फसफसतंय. काळा थेंब सुटला की तो टाचेच्या भेगेत सोडायचा, हा जुन्या बायकांचा इलाज. तुम्ही मात्र घरी करू नका. हे तेल कातडीला लागलं तर फोड येतात, अंग सुजतं. त्याला म्हणतात बिब्बा उतणं. काहींना तर नुसतं झाडाखालून गेलं तरी उततो. आयुर्वेदातलं भल्लातक ते हेच, पण विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केल्याशिवाय वैद्यही त्याला औषधात घेत नाहीत.

परटाला मात्र या तेलाचा चिवटपणाच हवा होता. कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण करायची, वर चुन्याचं बोट लावायचं. मग साबण लावा, सोडा लावा, भट्टीत घाला, खूण हलायची नाही. दहा घरचे कपडे एका गाठोड्यात, तरी ज्याचे त्याला.

(दृश्य: सपाट दगड, त्यावर बिब्बा. ठोका.)

आता बी फुटली. तेल सगळं सालीच्या आत, दोन पापुद्र्यांच्या मध्ये. त्याही आत हा पांढरा गर, गोडंबी. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात घालतात ती. बाहेर इतकं जहाल आणि आत बदामासारखं गोड!

विदर्भात गोडंबी फोडायचं काम बहुतेक बायकाच करतात. हाताला साधं तेल चोपडायचं आणि बसायचं. यंत्रं निघाली आहेत, पण इथे अजून दगडच आहे. एका बिब्ब्यातून निघणारी गोडंबी नखाएवढी, तेव्हा लाडवाच्या एका घाण्याला किती ठोके लागत असतील, तुम्हीच मोजा.

या बाईच्या बोटांची टोकं बघा. ठोका जरा चुकला की तेल तोंडावर उडतं, डोळ्यात जातं. म्हणून ती ठोकताना दर वेळी मान किंचित वळवते.

(दृश्य: तेच हात. निवेदन नाही, फक्त दगडाचा आवाज.)