पाठीवर बिऱ्हाड : थायलंड, २००८

(पडद्यावर : काळोख. विमानाच्या इंजिनाची घरघर. हळूहळू नकाशा उमटतो. खाली बँकॉक, वर उत्तरेला चियांग माई.)

बुधवार, २६ नोव्हेंबर २००८. पेरूमधली शिखर परिषद आटोपून थायलंडचे पंतप्रधान सोमचाय वोंगसावात मायदेशी परततायत. पण राजधानीत उतरायची सोय नाही. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर पिवळ्या शर्टांतल्या हजारो आंदोलकांनी आदल्या संध्याकाळपासून ठाण मांडलंय. पंतप्रधानांचं विमान उतरतं ते रस्त्यानं सातशे किलोमीटर लांब, चियांग माईला.

ही बातमी आपल्याकडं फारशी कुणाला आठवत नाही, आणि ते साहजिकच आहे. त्याच रात्री मुंबईत सीएसटीवर, ताजमध्ये, कामा रुग्णालयाच्या गल्लीत गोळ्या चालत होत्या. पुढचे तीन दिवस महाराष्ट्रानं टीव्हीवर दुसरं काही पाहिलं नाही.

तिकडं मात्र एका निवडून आलेल्या सरकारचा शेवटचा आठवडा सुरू झाला होता. संसदेत या सरकारकडं बहुमत होतं. बसायला कचेरी मात्र उरली नव्हती.

(पडद्यावर : २००१ ते २००६ मधली दृश्यं. प्रचारसभा, भातशेती, ईशान्येकडच्या ईसान भागातली गावं.)

या सगळ्याच्या मुळाशी एक माणूस आहे : थाकसिन शिनावात्रा. चियांग माईचे. आधी पोलीस अधिकारी, मग मोबाइलच्या धंद्यात अब्जाधीश, आणि २००१ मध्ये पंतप्रधान. त्यांनी ग्रामीण थायलंडला दोन गोष्टी दिल्या, ज्या तिथं आजही विसरल्या गेलेल्या नाहीत. तीस बाटमध्ये (बाट म्हणजे थाई चलन) सरकारी दवाखान्यात उपचार, आणि प्रत्येक गावाला कर्जवाटपासाठी दहा लाख बाटचा निधी. २००५ मध्ये त्यांच्या पक्षाला ५०० पैकी ३७५ जागा मिळाल्या.

त्यांच्यावरचा राग काही हवेतला नव्हता. २००३ च्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत तीन महिन्यांत दोन हजारांवर माणसं मारली गेली. २००४ मध्ये दक्षिणेत ताक बाई इथं पकडलेल्या मुस्लिम निदर्शकांना लष्करी ट्रकमध्ये एकावर एक रचून नेलं, त्यात ७८ जण गुदमरून मेले. पण बँकॉकचा मध्यमवर्ग खऱ्या अर्थानं पेटला तो जानेवारी २००६ मध्ये, जेव्हा शिनावात्रा कुटुंबानं आपली कंपनी तेमासेक या सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक कंपनीला ७३ अब्ज बाटना विकली आणि त्यावर कर भरला नाही. ताक बाईनं जे झालं नाही ते या एका व्यवहारानं झालं. ही गोष्ट जरा नोंदवून ठेवावी अशी आहे.

१९ सप्टेंबर २००६ च्या रात्री थाकसिन न्यूयॉर्कमध्ये असताना रणगाडे रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी त्यांचा पक्ष बरखास्त झाला, १११ पदाधिकाऱ्यांवर पाच वर्षांची राजकारणबंदी आली, नवी राज्यघटना आली. आणि डिसेंबर २००७ मध्ये निवडणूक झाली तेव्हा मतदारांनी त्याच मंडळींना, नुसती पाटी बदललेल्या पक्षाला, ४८० पैकी २३३ जागा दिल्या.

लष्करानं एवढा खटाटोप करून हाती काय लागलं? पंतप्रधान म्हणून समक सुंदरवेज.

(पडद्यावर : समक यांचं छायाचित्र. फोडणीचा चरचर आवाज.)

समक म्हणजे अस्सल जुनं खोड. वय ७२, तोंड फटकळ, बँकॉकचे माजी गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या महापौरासारखे. हाडाचे उजवे आणि राजनिष्ठ. १९७६ च्या थम्मसात विद्यापीठातल्या हत्याकांडाबद्दल विचारलं, तर त्यात एकच माणूस मेला असं पंतप्रधान झाल्यावर मुलाखतीत ठोकून देणारे. थाकसिननी परदेशात बसून आपला पक्ष सांभाळायला निवडले ते हे गृहस्थ. आणि त्यांचा छंद काय, तर टीव्हीवर स्वयंपाक करायचा. बाजारात जायचं, भाजी निवडायची, कढईसमोर उभं राहून जगाला नावं ठेवायची. कार्यक्रम लोकप्रिय होता.

२००६ मध्ये थाकसिनविरुद्ध उतरलेले पिवळे शर्ट २५ मे २००८ ला पुन्हा रस्त्यावर आले. पिवळा हा सोमवारचा रंग, आणि राजे भूमिबोल सोमवारी जन्मलेले. संघटनेचं नाव होतं लोकशाहीसाठी जनआघाडी. ठळक पुढारी दोन. सोंधी लिमथोंगकुल हे वृत्तपत्राचे मालक, एकेकाळी थाकसिन यांचे समर्थक, आता कट्टर वैरी. चामलोंग श्रीमुआंग हे निवृत्त मेजर जनरल, शाकाहारी, व्रतस्थ, १९९२ मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध उपोषणाला बसलेले. सोंधींकडं स्वतःची उपग्रह वाहिनी होती, ती आंदोलन रात्रंदिवस थेट दाखवायची. मंचावर भाषणं, मध्ये गाणी, खाली फुकट जेवण, आणि हजारो हातांत प्लास्टिकच्या पंजाचा खुळखुळा. टाळ्या वाजवून हात दुखू नयेत म्हणून.

त्यांची मागणी ऐकण्यासारखी होती. संसदेतले बहुतेक सदस्य निवडून न येता नेमले जावेत, सत्तर टक्के नेमलेले आणि तीस टक्के निवडलेले. याला ते नवं राजकारण म्हणत. गावाकडची मतं विकत घेतलेली असतात, तेव्हा ती मोजायचीच कशाला, असा त्यामागचा हिशेब. नाव लोकशाहीचं आणि भीती मतपेटीची! मतं विकत घेतली जात होती हे खरंच. पण पैसे सगळेच पक्ष वाटत होते. तीस बाटचा दवाखाना एकानंच दिला होता.

जुलैमध्ये त्यांना एक आयता विषय मिळाला. कंबोडियाच्या सीमेवर डोंगरकड्याच्या टोकाला प्रेह विहार नावाचं प्राचीन शिवमंदिर आहे. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ते कंबोडियाला दिलं. ते जागतिक वारसा यादीत घालायला समक सरकारनं पाठिंबा दिला, आणि त्या करारावर सही करणारे परराष्ट्रमंत्री नोप्पादोन पत्तमा हे थाकसिन यांचे जुने वकील निघाले. झालं. देश विकला, अशी हाकाटी उठली. हा करार संसदेपुढं यायला हवा होता असा न्यायालयाचा निकाल आला, आणि परराष्ट्रमंत्री घरी गेले.

(पडद्यावर : २६ ऑगस्ट २००८. शासकीय भवनाचं फाटक.)

२६ ऑगस्टला आंदोलक शासकीय भवनात घुसले. आपल्या भाषेत सांगायचं तर मंत्रालयच ताब्यात घेतलं. हिरवळीवर तंबू पडले, चुली लागल्या, दोऱ्यांवर कपडे वाळू लागले. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं गाड्या रोखल्या. फुकेत, क्राबी, हाट याई इथले विमानतळ काही काळ बंद पडले.

२ सप्टेंबरच्या पहाटे सरकारसमर्थक जमाव चालून आला. हाणामारीत एक जण मेला. समक यांनी आणीबाणी पुकारली आणि शहर लष्करप्रमुख अनुपोंग पाओचिंदा यांच्या हवाली केलं. जनरल साहेबांनी शांतपणे सांगितलं, बळाचा वापर होणार नाही. ढाली घेतलेले, बिनबंदुकीचे सैनिक आले आणि उभे राहिले. समक तेव्हा संरक्षणमंत्रीही होते, म्हणजे सेनापती कागदोपत्री त्यांच्याच हाताखालचा. रस्त्यावर राहायचं की घरी जायचं हे आंदोलकांच्या हातात उरलं. त्यांना हटवायचं की नाही, हे सरकारच्या हातात कधी नव्हतंच.

एका आठवड्यानं, ९ सप्टेंबरला, समक गेले. रस्त्यामुळं नाही, रणगाड्यामुळं नाही, तर त्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमामुळं! घटनेनुसार पंतप्रधानाला खासगी कंपनीची नोकरी करता येत नाही. समक म्हणाले, मी नोकर नाही, प्रवासखर्च आणि सामानाचे पैसे तेवढे घेतले. घटनापीठाच्या नऊही न्यायाधीशांनी नोकरीचा अर्थ मुद्दाम ऐसपैस धरला आणि पद काढून घेतलं.

निकालात त्यांना पुन्हा निवडून यायला बंदी नव्हती. पक्षानं त्यांचं नाव पुढं केलंही. १२ सप्टेंबरला संसद भरली, म्हणजे भरायची होती. गणपूर्तीच झाली नाही. त्यांच्याच आघाडीतले खासदार फिरकले नाहीत. वर्षभरानं, नोव्हेंबर २००९ मध्ये, यकृताच्या कर्करोगानं समक वारले.

(पडद्यावर : डॉन मुआंग, बँकॉकचा जुना विमानतळ.)

मग आले सोमचाय. माजी न्यायाधीश, मवाळ बोलणारे. दुसरीकडून पाहिलं तर थाकसिन यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पिवळ्या शर्टांना एवढं पुरलं. शासकीय भवन त्यांनी सोडलंच नाही. नव्या पंतप्रधानांनी डॉन मुआंग विमानतळावरच्या अतिविशिष्ट व्यक्तींच्या दालनात कचेरी थाटली. आपल्या कार्यकाळात शासकीय भवनातल्या खुर्चीवर बसणं त्यांच्या नशिबी आलं नाही.

७ ऑक्टोबरला ते संसदेत धोरण मांडणार होते. बाहेर आंदोलकांचा वेढा. पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली. काहींचे हातपाय तुटले, चारशेवर जखमी झाले, एक तरुणी मृत्युमुखी पडली. सोमचाय मागच्या कुंपणावरून बाहेर पडून हेलिकॉप्टरनं निघाले. त्या तरुणीच्या अंत्यविधीला राणी सिरिकित स्वतः गेल्या. थायलंडमध्ये राजघराण्याबद्दल कुणी काही बोलत नाही. बोलता येत नाही, कायदा कडक आहे. पण राणी कुणाच्या अंत्यविधीला गेल्या, हे देशानं पाहिलं. पोलिसांनीही पाहिलं. त्या दिवसानंतर लाठी उगारण्याआधी कुठलाही अधिकारी दहादा विचार करणार होता.

काही दिवसांनी लष्करप्रमुख टीव्हीवर आले. सोबत इतर दलांचे प्रमुख. आपण पंतप्रधान असतो तर राजीनामा दिला असता, अशा अर्थाचं ते बोलले. रणगाडे छावणीतच राहिले.

(पडद्यावर : सुवर्णभूमीची काचेची इमारत. घोषणा बंद, फलकांवर रद्द झालेली उड्डाणं.)

आणि मग विमानतळ. समुद्रमंथनाचं भव्य शिल्प असलेला, ज्यासमोर कितीतरी मराठी सहलींनी फोटो काढलेत, तोच सुवर्णभूमी. थाकसिन यांच्या राजवटीचं ते मानचिन्ह होतं. सुरू झाला २००६ मध्ये, बंडानंतर नऊ दिवसांनी. २५ नोव्हेंबरला आंदोलक आत शिरले. पाठोपाठ डॉन मुआंगही गेला, म्हणजे सरकारची तात्पुरती कचेरीसुद्धा. लाखो प्रवासी अडकले. काहींना पट्टायाजवळच्या उ-तपाओ या नौदलाच्या धावपट्टीवरून बाहेर काढलं. सरकारनं दोन्ही विमानतळांवर आणीबाणी लावली, तीही कागदावर राहिली. पंतप्रधान चियांग माईत, मंत्रिमंडळ चियांग माईत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं.

२ डिसेंबरला घटनापीठानं ते बिऱ्हाडही उतरवलं. सत्ताधारी पक्षाचे उपाध्यक्ष योंगयुत तियापैरात निवडणुकीतल्या गैरप्रकारात दोषी ठरले होते. लष्करी राजवटीत बनलेल्या घटनेत तरतूद अशी, की एका पदाधिकाऱ्याचा दोष हा सगळ्या पक्षाचा दोष. सत्ताधारी पक्ष आणि त्याचे दोन मित्रपक्ष बरखास्त. सोमचाय यांच्यावर पाच वर्षं बंदी. दुसऱ्या दिवशी आंदोलकांनी विमानतळ सोडला.

तरी आकडे अजून त्याच बाजूला होते. खासदार नव्या पक्षात गेले असते आणि नवा पंतप्रधान निवडला असता. इथं नेविन चिडचोब पुढं आले. बुरीरामचे, ईसानचे, थाकसिन यांचे उजवे हात. त्यांनी आपला गट उचलला आणि विरोधी डेमोक्रॅट पक्षाला दिला. या जुळवाजुळवीत लष्करप्रमुखांचं निवासस्थान उपयोगी पडलं, असं तेव्हापासून सांगितलं जातं. थाकसिन यांना फोनवर ते ‘संपलं, साहेब’ अशा अर्थाचं काही बोलल्याचं सांगतात, आणि हे वाक्य थायलंडच्या राजकारणात म्हणीसारखं होऊन बसलंय. १५ डिसेंबरला अभिसित वेज्जाजीवा २३५ विरुद्ध १९८ मतांनी पंतप्रधान झाले. त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पिवळ्यांच्या मंचावर भाषणं केली होती, आणि तिथल्या जेवणाची आणि संगीताची ते मोकळेपणानं वाखाणणी करत.

लाल शर्टांनी, म्हणजे थाकसिन यांच्या समर्थकांनी, हे सगळं बघून ठेवलं. २०१० मध्ये ते बँकॉकच्या राचाप्रसोंग चौकात बसले. त्यांच्यासाठी लष्कराच्या बंदुकांत गोळ्या होत्या. त्या वर्षी नव्वदहून जास्त माणसं मेली.

पिवळ्या पुढाऱ्यांचं काय झालं? विमानतळ प्राधिकरणाला ५२ कोटी २० लाख बाट भरपाई द्या, असा दिवाणी निकाल २०११ मध्ये लागला आणि २०१७ मध्ये कायम झाला. शासकीय भवनात घुसल्याबद्दल सहा जणांना २०१९ मध्ये आठ महिने शिक्षा झाली. त्यांच्यातले बहुतेक काही महिन्यांत राजाच्या माफीनं बाहेर आले.

एक नाव मात्र राहिलं. सोमचाय गेल्यावर ते पंधरा दिवस देश कुणी चालवला? हंगामी पंतप्रधान चावारात चार्नविराकुल यांनी, म्हणजे पडलेल्या सरकारच्याच उपपंतप्रधानांनी. नंतर ते अभिसित यांचे गृहमंत्री झाले आणि नेविन यांच्या गटातून जन्मलेल्या भूमजाईथाई पक्षाचे अध्यक्षही. त्यांचा मुलगा अनुतिन २००७ च्या त्या १११ बंदीवाल्यांत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये घटनापीठानं थाकसिन यांच्या मुलीला पंतप्रधानपदावरून दूर केलं. पुढच्या महिन्यात त्या खुर्चीवर बसले भूमजाईथाईचे नेते अनुतिन चार्नविराकुल.