मामाच्या गावी पंप लागत नाही

(दृश्य: पहाटेचा अंधार. चंद्रपूर शहराला लागून असलेली कामगारवस्ती. दारोदार पेटलेल्या सिगड्या.)

जानेवारी महिना. पहाटेचे साडेपाच. दुर्गापूरच्या बाजूच्या या गल्लीत अजून उजाडलेलं नाही, पण सिगड्या पेटल्या आहेत. जुन्या लोखंडी बादलीला खाली भोक पाडायचं, मध्ये सळया टाकायच्या, आतून माती लिंपायची, की झाली सिगडी. तळाशी गोवरीचे तुकडे, वर कोळसा. कच्चा कोळसा पेट घेताना दाट, पिवळट धूर सोडतो, म्हणून सिगडी आधी दाराबाहेर ठेवतात. धूर सरला, कोळसा लाल झाला, की मग दोन फडक्यांनी उचलून आत नेतात. घरात धूर कोंडू नये, एवढी काळजी इथली प्रत्येक बाई घेते. पण गल्लीत वीस दारं आहेत आणि विसांच्याही पुढे हेच चाललंय. धूर जाणार कुठे?

हिवाळ्यात तो वर जातच नाही. रात्रभर जमीन गार पडते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते, आणि वर उबदार हवेचा थर येऊन बसतो. पातेल्यावर ताट ठेवावं तसा. उन्हं चढेपर्यंत हे झाकण निघत नाही. सिगडीचा धूर, रस्त्याची धूळ, जाळलेला कचरा, ट्रकचं डिझेल, सगळं त्याखाली कोंडून राहतं. आणि नेमक्या याच वेळी पोरं शाळेला निघतात.

(दृश्य: वीज केंद्राच्या चिमण्या. घुग्घुस रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग.)

चंद्रपूर म्हणजे गोंड राजांचा परकोट, जटपुरा गेट, महाकालीची जत्रा, आणि पलीकडे ताडोबाचं जंगल. पण या जमिनीखाली कोळसा आहे, आणि त्या कोळशानं शहराचं नशीब ठरवलं. इथलं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, महानिर्मितीचं सर्वांत मोठं. भोवती खुल्या खाणी, घुग्घुसकडे सिमेंट आणि लोखंड, बल्लारपूरला कागद. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. जितके गुण जास्त, तितकं प्रदूषण जास्त. चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक लागला.

आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राखच उरते. चिमणीच्या आधी बसवलेली यंत्रं त्यातली बरीचशी पकडतात. पण कोळशातलं गंधक वायू होऊन निघतं, ते या यंत्रांच्या हाती लागत नाही. चिमणीतून बाहेर पडल्यावर, वाऱ्याबरोबर जाता जाता, त्या वायूचेच पुन्हा कण बनतात. सल्फेटचे, अतिशय बारीक. म्हणून जिथे चिमणी दिसतही नाही, अशा गावाच्या हवेतही तिचा वाटा असतो.

(दृश्य: दोरीवरचे कपडे. तुळशीच्या पानावरून फिरणारं बोट. बोटाला काळा थर.)

इथे कुणालाही प्रदूषणाबद्दल विचारा, ते आधी ही काजळी दाखवतील. वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या माठावरचं झाकण, तुळशीची पानं. सकाळी पुसलेलं संध्याकाळी पुन्हा काळं. त्यांचा त्रागा खराच आहे. पण बोटाला लागते ती जाड धूळ. नाकातले केस आणि घशातला ओलावा तिला बऱ्यापैकी अडवतात. ती शेंबडातून, थुंकीतून बाहेर पडते. खरी भीती आहे ती बोटाला न लागणाऱ्या कणांची.

त्यांना पीएम २.५ म्हणतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस कण शेजारी शेजारी मावतील. एवढा बारीक कण नाकाला चुकवतो, घशाला चुकवतो, आणि श्वासनळीच्या फांद्या-उपफांद्यांतून थेट शेवटच्या टोकापर्यंत पोचतो. तिथे हवेचे इवलेसे फुगे असतात, कोट्यवधी. त्यांची भिंत इतकी पातळ, की प्राणवायू सहज पार होऊन रक्तात मिसळतो. या फुग्यांत झाडझूड करणाऱ्या पेशी आहेत. त्या कण गिळतात. पण रोज, वर्षानुवर्षं कण येतच राहिले तर त्यांचाच दाह होतो. नळ्या सुजतात, आतून आक्रसतात, कफ धरतो. फुग्यांच्या भिंती झिजतात आणि झिजलेल्या भिंती पुन्हा भरून येत नाहीत. सर्वांत बारीक कण तर रक्तातही उतरतात; हृदयविकार आणि पक्षाघात त्याच वाटेनं येतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हवेतल्या या कणांना कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण म्हटलं.

(दृश्य: दवाखान्याची ओसरी. भिंतीला टेकून बसलेली म्हातारी.)

या मावशींनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही. चाळीस वर्षं चूल आणि सिगडी मात्र फुंकली. आता दोन हंडे उचलले की धाप लागते. त्यांना कुणी दमा सांगितला, कुणी टीबीच्या तपासण्या केल्या, कुणी म्हणालं वय झालं. त्यांच्या आजाराचं नाव सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या आक्रसत जाण्याचा फुफ्फुसाचा आजार. तो ओळखायला एका यंत्राच्या नळीत पूर्ण जोर लावून फुंकावं लागतं, पण आपल्या बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते यंत्रच नसतं. मग वर्षानुवर्षं खोकल्याचं औषध चालू राहतं, आणि फुफ्फुस तेवढं कमी होत जातं.

विचारलं, तर त्या म्हणतात, "इकडची हवाच तशी आहे जी."

हे वाक्य आम्ही इथे घरोघरी ऐकलं, आणि दर वेळी ते जिव्हारी लागलं. जणू हवा म्हणजे ऊन-पाऊस. जशी आली तशी सोसायची.

(दृश्य: आठ वर्षांची मुलगी, पाठीला दप्तर. आई तिच्या तोंडाला दम्याच्या औषधाचा पंप लावते.)

ही मुलगी तिसरीत आहे. पोरांचा श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालतो; अंगाच्या मानानं ती जास्त हवा आत घेतात, आणि त्यांची फुफ्फुसं अजून वाढत असतात. हिची आई सांगते, "दिवाळीत मामाच्या गावी गेली का पंप लागतच नाही. परत आली का आठ दिवसांत सुरू." मामाचं गाव मूल या तालुक्याच्या गावापुढे, धानाच्या शेतांत.

एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण हीच गोष्ट एका अख्ख्या खोऱ्यात घडली आहे, आणि ती मोजली गेली आहे.

(दृश्य: नकाशा. अमेरिकेतलं युटा राज्य.)

युटा व्हॅली. डोंगरांनी वेढलेलं खोरं, हिवाळ्यात वर तेच हवेचं झाकण, आणि मध्ये एक मोठा पोलाद कारखाना. तिथे सिगारेट ओढणारी माणसं फार कमी, त्यामुळे दोष तंबाखूवर ढकलायची सोय नव्हती. ऑगस्ट १९८६ मध्ये कामगारांच्या वादातून कारखाना बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. सी. आर्डेन पोप नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं रुग्णालयांच्या नोंदी काढून बसवल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत दमा आणि ब्राँकायटिसनं दाखल झालेली मुलं बंदच्या हिवाळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट होती. खोरं तेच, थंडी तीच, माणसंही तीच.

पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात हीच मोजणी उलट्या बाजूनं झाली. हवा सुधारत गेली, तशी तिथल्या नव्या पिढीच्या मुलांची फुफ्फुसं जास्त वाढली. २०१५ साली हे छापून आलं.

(दृश्य: पुन्हा चंद्रपूर. ताडपत्रीविना धावणारा कोळशाचा ट्रक.)

या गल्लीत कुणी कारखाने बंद करा म्हणत नाही. इथलीच माणसं तिथे कामाला जातात. मागणी साधी आहे. ट्रकवर ताडपत्री बांधा, रस्त्यावर पाणी मारा, राख झाकून न्या, सिलिंडर परवडेल असा द्या. आणि चिमणीतलं गंधक अडवा. त्याचा नियम केंद्रानं डिसेंबर २०१५ मध्येच केला होता, दोन वर्षांची मुदत देऊन. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. चंद्रपूरसारख्या आधीच प्रदूषित भागांतल्या केंद्रांचं काय, ते एकेकाचं पाहून ठरवायचं आहे.

पीएम २.५ ची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम; जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते. २०१९ या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणानं सुमारे १६ लाख ७० हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे. इतका मोठा आकडा डोळ्यांपुढे येत नाही.

(दृश्य: मुलीच्या हातातला पंप. पाठीमागच्या खिडकीत आकडा.)

पंपाच्या मागे एक बारीक खिडकी असते. किती फवारे उरले, ते तिथे दिसतं. दिवाळीला निघताना आईनं पाहिलं होतं, ८४. मामाकडून परत आले तेव्हाही ८४. आज सकाळी, दप्तर पाठीला लावून मुलगी दारातल्या सिगड्यांमधून वाट काढत शाळेला निघाली, तेव्हा खिडकीत ३१ होते.