कोयता – 1

(पहाटेचा अंधार. कोप्यांच्या रांगेत एकच चूल पेटलेली.)

पहाटेचे साडेतीन. बांबूच्या कामट्या, वर पाचट, त्यावर ताडपत्री, आणि दार म्हणून टांगलेलं जुनं लुगडं. ही कोपी. आत पोरं झोपलीयत. भाकरी आत्ताच थापून ठेवायच्या, कारण एकदा उसाच्या फडात शिरलं की दुपारपर्यंत बाहेर येणं नाही. पाणी काल संध्याकाळी शेजारच्या मळ्यातून आणलेलं. आणि संडास? ऊस उभा आहे तोवर उसात. तो तुटला की आडोसाही गेला.

बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारमधून दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. गावात म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो.

(फड. कोयता जवळून.)

आता हातांकडे बघा. घाव जमिनीलगत बसला पाहिजे. गोडी बुडख्यात असते. चार बोटं खुंट वर राहिला तर शेतकरीही बोलतो आणि कारखान्याचा माणूसही. नवरा तोडत पुढे सरकतो. ती मागून पाचट सोलते, शेंड्याचं वाढं छाटते, ऊस सारखे करते, वाढ्यालाच पीळ देऊन मोळी आवळते. पीळ देताना गुडघा मोळीवर रोवलेला असतो. उसाच्या पानाला धार असते, म्हणून साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. जानेवारीतही आणि मार्चच्या उन्हातही तोच.

मग चुंबळ. चुंबळीवर मोळी. मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर. फळी किती रुंद आहे ते दिसतंयच. दवानं ओली आहे, तेही. ट्रक रात्री दोनला आला तर भरणी रात्री दोनला. आम्ही चित्रण केलं त्या रात्री तो पावणेतीनला आला.

(मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची वही. पानावर अंगठा.)

हे पान आम्हाला जरा वेळच बघायला मिळालं. नाव. गाव. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. आणि एक रकाना: कोयते. त्यात लिहिलंय, 1.

हा एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. अख्खा धंदा या मापावर चालतो. हंगामाआधी मुकादम उचल देतो, जोडीला पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. ती नवऱ्याच्या हातात पडते, सही किंवा अंगठा त्याचा. मग काट्यावर ट्रकचं वजन होतं आणि टनावर मजुरी उचलीतून वळती होत जाते. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. चांगली गोष्ट आहे, पण वाढ झाली ती कोयत्याच्या खात्यात. तिच्या डोक्यावरून किती मोळ्या गेल्या, हे वहीतून कळायची सोय नाही. तिचं नावच पानावर नाही. नवरा मेला की मात्र उचल फेडायला तिचं नाव बरोबर आठवतं.

लग्नंही या मापानं जमतात. पोरगं एकटं गेलं तर अर्धा कोयता, सून आणली तर पूर्ण, आणि उचलही पूर्ण. हंगामाच्या तोंडावर घाईघाईत उरकलेल्या लग्नाला इकडे ‘गेटकेन’ म्हणतात. गेटकेन म्हणजे कारखान्याच्या हद्दीबाहेरून आणलेला ऊस. मुलगी अठराची आहे का, हे विचारायला त्या मांडवात कुणी नसतं.

(ती बांधावर बसलेली. पुन्हा उठते.)

एक दिवस काम बुडालं तर खाडा, म्हणजे दंड. पाचशे रुपये, कधी जास्त, आणि जोडीतलं एक बसलं तरी जोडीचा. पाळी आली, सातवा महिना लागला, कंबर धरली, वहीत सगळ्याला एकच शब्द. बाळंतपणाला 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 पासून कायद्यात आहे. पण पगारी रजेला आधी मालक लागतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी नुसता टोळी पुरवतो.

पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढणं हा इकडचा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडचं सर्वेक्षण आलं: 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं. देशात हे प्रमाण शंभरात तिघींच्या आसपास.

(वाढ्यांचे भारे. रस्त्याकडेला एक म्हैस.)

स्त्रियांवरच्या भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार 1979 चा. भारतानं त्याला 1993 मध्ये मान्यता दिली. त्याचं 14 वं कलम खेड्यातल्या बायकांचं. त्यात पैशात न मोजल्या जाणाऱ्या कामाचाही विचार आहे. हिचं काम तर पैशात मोजलं जातं, टनावर, काट्यावर, पावतीसकट. फक्त पावती दुसऱ्याच्या नावावर फाटते.

हे वाढे मात्र ती स्वतः विकते. गुरांना वैरण म्हणून गावातली माणसं भारा घेऊन जातात. त्यातून आठवडी बाजाराचं तेल-मीठ निघतं. ही नाणी पदराच्या गाठीत जातायत, बघा.

(ट्रक निघतो. लाल दिवे. मग पुन्हा वहीचं पान.)

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. हिशेब झाला. उचल, वजा मजुरी, अधिक खाडे. अठरा हजार बाकी, ती पुढच्या दसऱ्याच्या उचलीत धरायची. खाली नवऱ्याचा अंगठा, आणि नव्या पानावर पुन्हा तेच: कोयते, 1.