फणसाच्या बुंध्याला कोणती करवत?

(दृश्य: सकाळ. वाडीत आडवा पडलेला फणस. उघड्या मुळांना चिकटलेली लाल माती.)

दापोली तालुक्यातली ही वाडी. पावसाच्या तोंडावर वारा सुटला आणि हा फणस मुळासकट आडवा झाला. बुंधा तीन फूट रुंद. ओलं लाकूड जवळजवळ पाण्याइतकं जड असतं. याची एक फूट जाडीची चकती काढली तरी ती दोनशे किलोच्या आसपास भरेल. घरच्यांना फळ्या हव्यात. फणसाचं पिवळंधमक लाकूड कोकणात कोणी चुलीत घालत नाही, आणि घालूही नये. पण अख्खा ओंडका इथून हलणार नाही. करवतीलाच त्याच्यापाशी यावं लागेल.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या वाड्यांत आंबे, फणस, माड, पोफळी एकमेकांवर पडले. घरातून रस्त्यावर यायला वाट उरली नव्हती. कुऱ्हाड-कोयता तिथे किती पुरणार? ज्यांच्याकडे पेट्रोलवरची करवत होती, त्यांना दम खायला फुरसत मिळाली नाही. कोणी तिला कटर म्हणतं, कोणी नुसतंच मशीन.

(दृश्य: दुकानात ओळीने मांडलेली मशीन. गिऱ्हाईक पात्यावरून हात फिरवतोय.)

दुकानात माणूस आधी पातं बघतो. जितकं लांब, तितकं मशीन दांडगं, असा समज. फसगत इथेच होते. बाजारात सहज मिळणारं मशीन 58 सीसीचं, 22 इंची पात्याचं. शेवरी, वाळक्या फांद्या यांना ते छान. पण तेच पातं फणसाच्या किंवा चिंचेच्या गाभ्यात पूर्ण बुडालं, की पात्याभोवती फिरणाऱ्या साखळीचे पंधरा-सतरा दात एकाच वेळी लाकडात असतात. इंजिनाची ताकद असते तीन अश्वशक्तीच्या आगेमागे, ती या सगळ्या दातांत वाटली जाते. साखळी मंदावते, क्लच तापतो, धूर येतो. मग माणूस जोर लावून रेटतो, आणि मशीन एका हंगामात संपतं.

म्हणून दुकानदाराला सीसीच्या जोडीला किलोवॅट, म्हणजे इंजिनाची ताकद, विचारा. चांगल्या बनावटीचं 70 सीसीचं मशीन चार किलोवॅटच्या पुढे जातं. श्टील या जर्मन कंपनीचं एमएस 661 हे 91 सीसीचं, 5.4 किलोवॅटचं. त्याच कंपनीचं एमएस 881 जवळपास 122 सीसीचं, 6.4 किलोवॅटचं, पण पातं-साखळी न लावताच ते दहा किलोच्या घरात जातं. दिवसभर हे वजन कंबरेतून वाकून पेलायचं असतं, हे दुकानात उचलून बघताना कळत नाही.

माझं मत विचाराल तर आडव्या कापाला, म्हणजे ओंडक्याचे तुकडे पाडायला, 70 सीसी आणि 24-25 इंची पातं पुरे. तीन फुटी बुंधा एका बाजूने शक्य तितका कापायचा, मग पलीकडून येऊन काप जुळवायचा. खाचेत पाचर ठोकून ठेवायची, म्हणजे लाकूड दबून पातं अडकत नाही.

फळ्यांची गोष्ट वेगळी. तिथे करवत लाकडाच्या रेषांच्या दिशेने, ओंडक्याच्या पूर्ण रुंदीतून चालते आणि तासन्‌तास चालते. त्याला 90 ते 120 सीसीचं मशीन, ते सरळ रेषेत धरणारी चौकट आणि वेगळी घासलेली साखळी लागते: नेहमीच्या दाताचा कोन तीस अंशांचा, या साखळीचा दहाच्या आसपास. वर्षाकाठी एखादं झाड पडणाऱ्या घराने असलं मशीन विकत घेऊ नये. ज्याचा तो धंदा आहे त्याला रोजावर बोलवावं, किंवा तुकडे टेम्पोत घालून लाकडाच्या गिरणीवर न्यावेत.

(दृश्य: साखळीच्या एका दातावर कॅमेरा. मागे कानशीचा आवाज.)

हा दात नीट बघा. 1926 साली श्टुटगार्टमध्ये आंद्रेआस श्टील यांनी विजेवरची करवत बनवली, ती 48 किलोची होती; धरायला दोन माणसं लागत. साखळीला आजचं रूप मिळालं ते अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जो कॉक्स या लाकूडतोड्यामुळे. ओंडक्यात शिरलेली भुंग्याची अळी डावी-उजवीकडे कुरतडत पुढे सरकते, हे त्याने पाहिलं आणि तसेच आळीपाळीचे दात असलेली साखळी 1947 मध्ये बाजारात आणली.

आमचे करवतवाले काका ओंडक्याच्या खोबणीत पातं टेकवून बसलेत. कानस प्रत्येक दाताला दोनदा, आतून बाहेर, एकाच दिशेने. डाव्या बाजूचे दात झाले की फिरून उजवे. दातापुढचा बुटका उंचवटा दातापेक्षा पाऊण मिलिमीटरहून थोडा कमी, एवढाच खाली हवा. जास्त घासला तर दात लाकडाला हिसका देतो.

धार गेली हे ओळखायला ते खाली बघतात. ढलप्या पडतायत तोवर ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबायचं. सागाच्या लाकडात वाळूचाच अंश असतो, त्यामुळे तिथे कानस लवकर हातात घ्यावी लागते. फणसाचा त्रास निराळा. चीक साखळीत बसतो.

आणि एक काळजीने सांगतो. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला, तर मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येतं. साखळीचा ब्रेक चालतो का, हे विकत घेताना तपासा. चपला आणि लुंगी नेसून हे काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. जाड बूट, चष्मा आणि कानांना संरक्षण यांचा खर्च मशीनच्या किमतीतच धरा. उभा फणस तोडायचा असेल तर आधी परवानगी लागते. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, ऐन, साग ही झाडं आहेत.

(दृश्य: इंजिन सुरू होतं. पातं सालीत शिरतं.)

काका मशीन रेटत नाहीत, त्याच्या वजनानेच ते खाली जाऊ देतात. आधी तपकिरी साल उडते, मग पांढरट लाकूड. चार-पाच बोटं खोल गेल्यावर ढलप्यांचा रंग बदलतो. हळदीसारखा पिवळा.