पंक्तिसेवा आणि वचनाची सेवा

आदरणीय पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी आणि बंधुभगिनींनो,

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, वर्गातल्या शिक्षणाइतकेच शनिवार-रविवारच्या क्षेत्रकार्यालाही महत्त्व असते. गेल्या हंगामात मला अहिल्यानगर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याजवळच्या मंडळीत पाठवण्यात आले. दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबे तेथे येऊन उतरतात आणि कारखान्याचे धुराडे पेटल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. त्यांत काही आपली ख्रिस्ती कुटुंबेही होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत हात थांबत नाही, आणि गाडी भरायची वेळ रविवार पाहून येत नाही.

पहिल्या भेटीसाठी मी पंचवीस मिनिटांचा उपदेश लिहून नेला होता. वचन होते मत्तयाच्या अकराव्या अध्यायातले, ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’. बाया फडातून परतल्या तेव्हा अंधार पडत आला होता. डोक्यावरचे वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे खाली टाकून त्या चुली पेटवण्याच्या घाईत होत्या, आणि मी बायबल हातात घेऊन उभा होतो. त्यांच्यातली एक आजी मला म्हणाली, “लेकरा, आधी दोन हंडे पाणी आण, मंग सांग.” बोअर रस्त्यापलीकडे होता. माझ्या चार खेपा झाल्या. भाकरी होईपर्यंत मुले पेंगुळली होती, म्हणून मी ते एक वचन वाचले, प्रार्थना केली आणि निघालो. क्षेत्रकार्याच्या अहवालात मी त्या संध्याकाळची नोंद केली, ‘उपदेश होऊ शकला नाही.’

काही आठवड्यांनी ग्रीकच्या तासाला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आला. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत होती, म्हणून कुरकुर सुरू झाली, आणि बारा प्रेषितांनी सात जण निवडण्यास सांगितले. आपल्या मराठी शास्त्रात तेथे ‘पंक्तिसेवा’ आणि ‘वचनाची सेवा’ असे दोन शब्द येतात. मूळ ग्रीकमध्येही रोजची वाटणी आणि वचनाची सेवा या दोन्हींसाठी ‘दियाकोनिया’, म्हणजे सेवा, हा एकच शब्द आहे, आणि पंक्तीला वाढण्याचे क्रियापद त्याच धातूचे आहे. लेखकाला एका कामासाठी साधा आणि दुसऱ्यासाठी मानाचा शब्द वापरता आला असता. त्याने तसे केलेले नाही.

प्रेषितांनी ही दोन कामे वेगळी केली, हे मला नाकारायचे नाही. वचन सोडून पंक्तीला लागणे योग्य नाही असे ते स्पष्ट म्हणतात, आणि या ओळीच्या आधारावर आपण पाळकाला व्यासपीठावर आणि इतरांना स्वयंपाकघरात बसवतो. पण पुढचे वाचा. वाढण्याच्या कामासाठी माणसे कशी हवीत? आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण. त्या सातांची नावे पाहिली तर सगळी ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटणी सोपवली गेली. आणि पंक्तीसाठी निवडलेला स्तेफन दोनच पानांनंतर वचनासाठी प्राण देतो, तर फिलिप्प शोमरोनात जाऊन शुभवर्तमान सांगतो. मला येथे श्रमांची वाटणी दिसते, योग्यतेची उतरंड दिसत नाही.

मराठी माणसाला ‘पंक्ती’ हा शब्द ग्रीक वाचकापेक्षा अधिक बोचायला हवा. कोणी कोणाच्या पंगतीला बसायचे आणि कोणी उंबऱ्याबाहेर थांबायचे, यावर आपल्या गावांची रचना उभी होती, आणि बाप्तिस्मा झाला म्हणून ती एका दिवसात मोडली नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या वर्षांत लक्ष्मीबाईंच्या मनात जे चालले होते, त्यातला मोठा भाग वेगळी चूल, वेगळे पाणी, सोवळे-ओवळे यांविषयीचा आहे. त्यांची श्रद्धा घडली ती पाण्याच्या भांड्याभोवती, आणि म्हणूनच त्यांची साक्ष मला अनेक प्रवचनांहून खरी वाटते.

याचा अर्थ अभ्यास सोडून हंडे उचलावेत असा कोणी घेऊ नये. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुली-स्त्रियांसाठी शेती, विणकाम आणि छापखाना चालवला, आणि त्याच आवारात उतारवयात हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1922 साली त्या वारल्या. 1924 साली ते पूर्ण बायबल प्रसिद्ध झाले, आणि ते छापण्याचे काम तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी झाले. धातुरूपे पाठ करताना कंटाळा आला की मला त्या छपाईचे खिळे जुळवणाऱ्या बायका आठवतात. व्याकरण कोणासाठी शिकायचे, हे त्यांच्यामुळे मला कळते.

मी तो अहवाल नंतर बदलून लिहिला. कोप्यांवर मी हंगाम संपेपर्यंत जात राहिलो. आधी पाणी, मग आठ-दहा मिनिटांचे वचन, असा क्रम ठरून गेला. त्या आठ मिनिटांसाठी मला पूर्वीच्या पंचवीसांपेक्षा जास्त तयारी करावी लागली, कारण दिवसभर ऊस तोडलेल्या माणसापुढे एकही वाक्य वाया घालवणे मला आता जमत नाही.

आता शेवटी एक विनंती. नाताळच्या प्रीतिभोजनात आपल्याकडे पहिल्या पंगतीला पाळक, पंच आणि पाहुणे बसतात आणि सकाळपासून चुलीशी असलेल्या भगिनी सर्वांत शेवटी, उरलेल्यावर जेवतात. या वर्षी पहिल्या पंगतीला त्यांना बसवावे आणि वाढायला पंचांनी उभे राहावे. पाळकसाहेबांची परवानगी असेल तर आम्ही सेमिनरीचे विद्यार्थी आदल्या रात्रीच येऊ. पाणी भरणे आणि भांडी घासणे आमच्याकडे द्यावे.