खरखर कुठून येते?

श्रोते हो, नमस्कार.

हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर स्वतःच्या सेटवरून दूरदूरच्या माणसांशी बिनतारी बोलण्याचा, छंद आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो माइक हातात धरून दिवसभर बोलणारा माणूस. प्रत्यक्षात बोलणं असतं दोन-तीन मिनिटांचं. आपली कॉल साइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं ओळखीचं नाव, सांगायची, समोरच्याची टिपून घ्यायची, त्याचा आवाज किती जोरात आणि किती स्वच्छ येतोय ते कळवायचं, त्याने आपलं कळवायचं. गाव कोणतं, अँटेना कोणती, हवा कशी आहे, आणि रामराम. एवढ्यासाठी तास तास कान लावून बसावं लागतं. हा ऐकण्याचा छंद आहे. काही मंडळी मात्र एकदा माइक मिळाला की स्वतःच्या सेटचं पुराण लावतात. ती भेटली की मी काही न बोलता डायल पुढे सरकवते. असो.

यासाठी सरकारी परवाना लागतो, त्याआधी परीक्षा द्यावी लागते, हे ओघाने आलंच. पूर्वी शॉर्टवेव्हवर बोलायचं तर मोर्सची, म्हणजे लहान-मोठ्या ठोक्यांच्या सांकेतिक लिपीची, परीक्षाही चुकत नसे. २००३ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ती सक्ती उठली आणि प्रत्येक देशाने आपापला निर्णय घेतला. मोर्स मात्र गेला नाही. आवाज पार बुडालेला असतो तिथेही टिक-टिक ऐकू येते, म्हणून तो टिकला.

आता संध्याकाळची गोष्ट. संध्याकाळ का, ते आधी सांगते. तुमच्यापैकी जे मीडियम वेव्ह ऐकतात त्यांना माहीत आहे, की दिवसा न लागणारी लांबची स्टेशनं अंधार पडला की लागायला लागतात. वर आकाशात, साधारण साठ ते नव्वद किलोमीटरवर, एक विद्युतभारित थर असतो. तो उन्हामुळे तयार होतो आणि दिवसभर या लहरी गिळत बसतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी आणखी वर, दोन-तीनशे किलोमीटरवरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून वळून दूर कुठेतरी जमिनीवर उतरतात. आम्हा हॅम लोकांच्या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचंही तेच. दिवसा जवळपासची माणसं, अंधार पडला की लांबची. म्हणजे सूर्यास्तानंतरचे दोन-तीन तास आमचे सोन्याचे.

आणि नेमक्या त्याच तासांत माझ्या सेटवर खरखर सुरू झाली.

साधी खरखर नव्हे. ढगांचा कडकडाट मला ओळखता येतो, तो तुटक असतो. ही सलग होती, घोगरी, आणि डायल फिरवला की थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा वर यायची. साडेसातला सुरू, दहाला बंद. रोज. घड्याळ लावून. निसर्ग असा वेळ पाळत नाही. वेळ पाळतो तो माणूस, किंवा माणसाने लावलेला टायमर.

अशा वेळी पहिला संशय स्वतःच्या घरावर घ्यायचा. मी सेट बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. घरात मिट्ट अंधार, घरचे चिडलेले, आणि खरखर जशीच्या तशी. म्हणजे भानगड बाहेरची. हे लक्षात ठेवा: मेन स्विच पाडूनही आवाज राहिला, तर चोर आपल्या घरात नाही.

मग मी कपाटातून छोटा खिशातला ट्रान्झिस्टर काढला. आजकाल तो जुनाट समजून टाकून देतात. देऊ नका! त्याच्या पोटात काळसर रंगाची फेराइटची कांडी असते, त्यावर बारीक तार गुंडाळलेली. तीच त्याची मीडियम वेव्हची अँटेना. ही कांडी आवाजाच्या उगमाकडे आडवी धरली तर आवाज मोठा येतो, आणि तिचं टोक उगमाकडे वळलं की आवाज एकदम पडतो. ट्रान्झिस्टर हातात धरून जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि आवाज कुठे पडतो ते बघायचं. त्या रेषेत कुठेतरी चोर आहे. समोर की पाठीमागे ते एकाच जागेवरून कळत नाही, म्हणून दुसऱ्या जागी जाऊन तीच गिरकी पुन्हा घ्यायची. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे जायचं.

मी आधी गच्चीच्या एका कोपऱ्यात गिरकी घेतली, मग दुसऱ्या कोपऱ्यात. पाणी घालायला आलेल्या शेजारीणबाई माझ्याकडे बघून कुंडी तशीच ठेवून खाली गेल्या. दोन्ही रेषा आमच्याच इमारतीच्या मागच्या बाजूला मिळत होत्या. जिन्याने खाली उतरले. इमारतीच्या आत मात्र गिरकीचा उपयोग होत नाही, कारण खरखर विजेच्या वायरिंगवरून भिंतीभिंतीतून धावत असते. आत फक्त जोर बघायचा. चौथ्या मजल्यावर बारीक, तिसऱ्यावर मोठी, आणि एका दाराशी ट्रान्झिस्टर नुसता किंचाळायला लागला.

ते दार होतं आमच्या निवृत्त काकांचं. मी बेल दाबायच्या आतच दार उघडलं, कारण किंचाळणं आत ऐकू गेलं होतं. काका म्हणाले, “बरं झालं, तूच आलीस. तुझ्या त्या गच्चीवरच्या तारेबद्दल बोलायचंच होतं मला. तू ती लावलीस तेव्हापासून माझ्या रेडिओवर धड एक बातमी ऐकू येत नाही.”

हे आम्हा हॅम लोकांच्या पाचवीलाच पुजलेलं आहे. कुणाचा टीव्ही थरथरो, कुणाचं वाय-फाय अडो, बोट अँटेनाकडे. आता अँटेनाने कधीच त्रास होत नाही असं नाही, जवळच्या सेटमध्ये आमचं प्रक्षेपण घुसू शकतं. पण ते आम्ही बोलत असताना. आणि मी तर जिन्यात उभी होते.

मी म्हटलं, “काका, माझा सेट वर बंद आहे. तुमचा रेडिओ लावा बघू.” त्यांनी लावला. खर्रर्र. माझ्या हातातला ट्रान्झिस्टर, खर्रर्र. दोघांचा सूर एकच. काका जरा गप्प झाले. मग आम्ही दोघं घरभर फिरलो. फ्रिजजवळ काही नाही. टीव्हीजवळ थोडंसं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात माशांची काचपेटी होती, वर निळसर दिवा, आणि दिव्याला टायमर. संध्याकाळी साडेसात ते दहा. टायमरला लावलेला काळा अडॅप्टर काडेपेटीएवढा. ट्रान्झिस्टर त्याच्याजवळ नेला, तर खरखरीखेरीज दुसरं काही ऐकूच येईना.

मी म्हटलं, “काका, हा काढू का?” ते म्हणाले, “मासे घाबरतील.” मी काढला. दोन्ही रेडिओ एकदम मोकळे झाले, आणि काकांच्या रेडिओवर बातम्यांचा मधलाच शब्द स्वच्छ ऐकू आला. काका बातम्या संपेपर्यंत उभे होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, की तारेबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही.

खरखर होते का, ते थोडक्यात. हे छोटे अडॅप्टर वीज सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा चालू-बंद करून तिचा दाब उतरवतात. त्या चालू-बंदच्या पटीपटीने लहरी उठतात, पार शॉर्टवेव्हपर्यंत. त्या अडवायला आत गाळणी बसवायची असते. खर्च वाचवायला ती गाळली, की अडॅप्टरचं छोटं प्रक्षेपण केंद्र होतं. पूर्वीचा लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर विटेसारखा जड असे, पण मुका असे. माझं तर मत आहे, की विजेची वस्तू घेताना ती हातात तोलून बघावी. घरचे याला हसतात. हसोत.

काकांना मी माझ्याकडचा तेवढ्याच व्होल्टचा जुना जड अडॅप्टर दिला. माझ्या सेटवरचा सुईवाला मीटर, येणाऱ्या लहरींचा जोर दाखवणारा, जो साडेसातला नऊवर जाऊन बसायचा, तो तीनच्या आसपास राहायला लागला. तुम्ही म्हणाल, सहा आकड्यांनी काय होतं? त्या मीटरवरचा एक आकडा म्हणजे सहा डेसिबल, म्हणजे व्होल्टेजची दुप्पट. सहा वेळा दुप्पट करा: चौसष्ट पट. चौसष्ट पट गोंगाटाखाली जे बुडून जात होते ते सगळे वर आले, कमी शक्तीचे, पाच वॉटवर बोलणारे, कुठल्याशा बेटावरून मोर्स ठोकणारे. ते आधीही तिथेच होते.

काका आता जिन्यात भेटले की विचारतात, “काल कोण लागलं?” देशाचं नाव सांगितलं की घरी जाऊन नकाशात बघतात. अँटेनाची तार वाऱ्याने सैल झाली, तर मला आधी तेच सांगतात.

तुम्हालाही हा प्रयोग करता येईल. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेली मोकळी जागा शोधा. रेडिओ हातात धरा आणि घरातला एकेक चार्जर, एकेक दिवा यांच्याजवळ न्या. परत सांगते: मीडियम वेव्ह, मोकळी जागा, एकेक चार्जर. एफएमवर हे ऐकू यायचं नाही. जिथे किंचाळेल तो प्लग काढून बघा. आणि हे सगळं आत्ता नको, पुढच्या बातम्या झाल्यावर.