बालाघाटावरचं घर, आतून

अंबाजोगाईजवळ बालाघाटाच्या कडेला हे घर आहे, कडेला म्हणजे अगदी कडेला, उत्तरेला डोंगर संपतो आणि खाली गोदावरीचं खोरं सुरू होतं.

डोंगरातलं घर म्हटलं की आजकाल आधी मोबाईलवरचे फोटो निघतात, लाकडी पॅनलिंग, फायरप्लेस, चारी बाजूंनी काच. ते थंड मुलखातलं आहे हो. आपल्या डोंगरावर मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, पश्चिमेला काच लावली तर दुपारी हॉलमध्ये बसणं होत नाही. म्हणून इथं मोठी काच फक्त उत्तरेला, दरीच्या बाजूला, तिकडून उजेड दिवसभर येतो आणि ऊन फारसं येत नाही. पश्चिमेच्या खिडक्या लहान, वर चांगला खोल छज्जा, कारण आषाढात पाऊस तिकडूनच झोडपतो.

आता भिंती बघा. काळ्या दगडाच्या, हातभर जाड, आतून चुन्याचा गिलावा. मराठवाड्यात दगडाच्या जाड भिंती म्हटलं की जुन्या माणसांच्या मनात किल्लारी येतेच, 30 सप्टेंबर 1993 ची ती भूकंपाची पहाट. तेव्हा माणसं दबली ती माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, मातीखाली आणि दगडाखाली, भिंतीचे आतले बाहेरचे थर एकमेकांत बांधलेले नव्हते आणि डोक्यावर वर्षानुवर्षं चढवलेल्या मातीचं ओझं होतं. म्हणून इथं भिंतीत आरपार जाणारे दगड ठेवलेत, दारं-खिडक्यांच्या वरून घरभर सलग काँक्रीटची पट्टी फिरवली आहे, आणि वर मातीऐवजी स्लॅब. इंटिरियर करणाऱ्यानं हे आधी विचारलंच पाहिजे, रंग आणि पडदे नंतर.

जाड भिंतीचा एक फायदा असा की कपाटं कमी लागतात. भिंतीतच देवळ्या, म्हणजे कोनाडे, काढल्यात, एकीत समई, एकीत पुस्तकं, पलंगाशेजारच्या देवळीत चष्मा आणि फोनचं चार्जर.

मला सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघरातलं साणं. माळवदाला उजेड यायला आणि धूर जायला भोक असायचं ना, तेच, फक्त आता वर जाड काच आणि बाजूनं जाळी, गरम हवा तिथून निघून जाते. खाली शहाबादी फरशीवर उन्हाचा चौकोन पडतो, सकाळी ओट्याजवळ असतो आणि दुपारपर्यंत सरकत सरकत पार माठापाशी येतो.

फर्निचर थोडंच आहे. पडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळया कापून बाक केलेत, खिळ्यांची भोकं तशीच ठेवलीत, बुजवली नाहीत हे फार बरं केलं. बाकावर घोंगडी.

आणि जिना घरातूनच वर जातो, चांगला रुंद, कारण उन्हाळ्यात रात्री सगळे गच्चीवरच झोपतात आणि बाजा वर न्यायच्या असतात.